सायकलसाठी तीन सेकंद

जयसिंगपूर हे आधी आखून मग वसवलेले शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसवली. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे; गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. भोवतालची जमीन कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली, सपाट आणि काळी. उदगाव, चिपरी, संभाजीपूर, धरणगुत्ती ही गावे सायकलच्या सहज टप्प्यात आहेत. शाळकरी मुलांना, दूध घालायला येणाऱ्यांना, पाळीवर जाणाऱ्या कामगारांना सायकल चालवायला याहून सोयीचा मुलूख शोधूनही सापडणार नाही. पण या मुलखातून सांगली–कोल्हापूर हा सतत वाहणारा रस्ता जातो आणि गल्लीतून निघालेल्या सायकलला तो कुठे ना कुठे ओलांडावाच लागतो. अशा रस्त्यावरच्या चौकात दिवे बसवले की काळजी मिटली, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. लाल, पिवळा आणि हिरवा हे रंग सर्वांना सारखे दिसतात. पण ते किती सेकंद टिकावेत हे कोणाच्या तरी वेगावरून ठरलेले असते, आणि तो वेग बहुतेक ठिकाणी मोटारीचा असतो. सायकलला चौकात सुरक्षित करायचे असेल तर नवे बांधकाम करण्याआधी या सेकंदांचा हिशेब दुरुस्त करायला हवा, आणि तो जयसिंगपूरएवढ्या शहरात सर्वांत सहज होऊ शकतो.

हा हिशेब कसा होतो ते आधी पाहू. सिग्नलची वेळ काढण्याचे जे सूत्र अभियांत्रिकीच्या वर्गात आजही शिकवले जाते, ते ब्रिटनच्या रस्ता संशोधन प्रयोगशाळेतल्या वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडले. चौकात येणारी वाहने मोजायची, प्रत्येक बाजूची गर्दी आणि दर फेरीत, म्हणजे सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळेपर्यंतच्या काळात, वाया जाणारा वेळ सूत्रात घालायचा, आणि सगळ्या वाहनांचा मिळून खोळंबा कमीत कमी होईल अशी फेरी ठरवायची. वाहने निरनिराळ्या आकाराची असल्याने ती एकाच मापात आणावी लागतात. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीनुसार मोटार म्हणजे एक, बस किंवा ट्रक म्हणजे त्याहून बराच जास्त, आणि सायकल साधारण अर्धी असे धरतात. पद्धत तर्कशुद्ध आहे, पण तिच्यात सायकलने अडवलेली जागा मोजली जाते आणि सायकलला लागणारा वेळ सुटून जातो. अर्धी मोटार म्हणून कागदावर चढलेली सायकल चौक ओलांडायला मोटारीच्या निम्मा वेळ घेत नाही, दुप्पट-अडीचपट घेते. सूत्राने तिला मोजले, तरी तिला पुरेल एवढा वेळ राखून ठेवला नाही.

एक साधे उदाहरण मांडून पाहू. दुभाजक असलेला चौपदरी रस्ता ओलांडायचा आहे आणि थांबण्याच्या रेषेपासून पलीकडच्या सुरक्षित टोकापर्यंत २५ मीटर अंतर आहे असे समजू. हिरवा संपल्यावर ३ सेकंद पिवळा आणि त्यानंतर २ सेकंद चारही बाजूंना लाल, असे एकूण ५ सेकंद चौक रिकामा होण्यासाठी ठेवले आहेत. ताशी ३६ किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला १० मीटर जाते. पिवळा दिवा दिसल्यावर भानावर यायला एक सेकंद आणि मग नेहमीसारखा ब्रेक लावायचा, तर तिला थांबायला सुमारे २७ मीटर लागतात. म्हणजे रेषेपासून २७ मीटरच्या आत आलेल्या चालकाने पुढे जाणेच बरोबर. त्याला एकूण ५२ मीटर कापायचे असतात आणि त्याला पाच सेकंदांहून किंचित जास्त लागतात. ठेवलेल्या वेळात तो जवळजवळ नेमका बसतो. आता ताशी १५ किलोमीटरने येणारी सायकल पाहा. ती सेकंदाला चार मीटरांहून थोडे जास्त जाते. रेषेपासून आठ मीटरवर असताना पिवळा लागला तर तिलाही थांबता येत नाही. पुढे जायचे म्हणजे ३३ मीटर, म्हणजेच आठ सेकंद. पाच सेकंद संपून आडव्या रस्त्याचा हिरवा लागतो, तेव्हा तिचे बारा-तेरा मीटर उरलेले असतात. म्हणजे ती दुभाजकाच्या आसपास, चौकाच्या ऐन मध्यावर असते. या सायकलस्वाराने कोणताही नियम मोडलेला नाही. हिरव्यावर तो चौकाजवळ आला, पिवळ्यावर पुढे गेला, आणि तरीही त्याच्या अंगावर वाहने सोडली गेली. ही चूक त्याची नाही, तीन सेकंद कमी धरणाऱ्या हिशेबाची आहे.

उभ्या जागेवरून निघणाऱ्या सायकलची अडचण थोडी वेगळी आहे. ॲक्सिलरेटर पिळला की मोटारसायकल क्षणात वेग घेते. सायकलवाल्याला पाय टेकलेला उचलून पेडलवर आणायचा, तोल सावरायचा आणि पहिली दोन-चार पेडले अंगातल्या जोरावर मारायची असतात. कॅरिअरवर दुधाचे कॅन असतील, दांडीवर भाजीची पिशवी असेल किंवा मागे धाकटी बहीण बसली असेल तर आणखी वेळ जातो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने सायकलसाठी जे सूत्र स्वीकारले आहे त्यात हे धरलेले आहे. सुरुवातीच्या हालचालीसाठी आणि तोल-वेग येण्यासाठी ६ सेकंद, आणि पुढे चौकाच्या रुंदीत सायकलची लांबी मिळवून ते अंतर ताशी १६ किलोमीटरच्या वेगाने कापायला जेवढे लागतील तेवढे सेकंद. आपल्या २५ मीटरच्या चौकाला हे लावले तर हिरवा, पिवळा आणि चौफेर लाल मिळून किमान १२ सेकंद येतात. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका सायकलसाठी ही किमान गरज झाली. ज्या उपरस्त्याला मोठ्या रस्त्याच्या सोयीसाठी जेमतेम दहा-बारा सेकंदांचा हिरवा मिळतो, तिथे पाच-सहा मोटारींच्या मागे उभी असलेली सायकल रेषेपर्यंत पोहोचते तेव्हा दिवा जाण्याच्या बेतात असतो.

सेकंदांइतकाच महत्त्वाचा प्रश्न जागेचा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला असते. तिला सरळ जायचे असते आणि तिच्या उजव्या अंगाला असलेल्या वाहनाला डावीकडे वळायचे असते. दोघांनाही हिरवा एकाच वेळी मिळतो आणि वळणारे वाहन सायकलची वाट कापते. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात गळीत हंगामात हा धोका फार वाढतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळतो, तेव्हा मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाही, आतल्या बाजूने कापत जाते. पुढे बसलेल्या चालकाला उसाच्या मोळ्यांमुळे मागचे आणि डावीकडचे दिसत नाही. कडेला उभ्या असलेल्या सायकलवाल्याला वाटते की ट्रॅक्टर तर पुढे गेला, आणि तेवढ्यात ट्रॉलीचे चाक त्याच्या बाजूला येते. यावर जगभर वापरले जाणारे दोन उपाय आहेत. पहिला, मोटारींची थांबण्याची रेषा चार-पाच मीटर मागे घ्यायची आणि तिच्यापुढे सायकलींना उभे राहण्यासाठी रंगवलेली चौकट ठेवायची. दुसरा, सायकलींना मोटारींच्या आधी चार-पाच सेकंद हिरवा दाखवायचा. दोन्ही मिळून सायकल वळणाऱ्या वाहनाच्या बाजूला न राहता समोर येते, चालकाच्या नजरेत येते, आणि वळण सुरू होण्याआधी तिचा तोल सावरलेला असतो.

उजवीकडे वळणे सायकलला सर्वांत अवघड जाते, कारण त्यासाठी वेगवान वाहनांच्या मधून रस्त्याच्या मध्यापर्यंत यावे लागते. इथे दोन टप्प्यांत वळणे सुरक्षित असते. सायकलने आधी सरळ पलीकडच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत जायचे, तिथे आखलेल्या जागेत थांबायचे, आणि आडव्या रस्त्याचा हिरवा लागला की त्या वाहतुकीबरोबर निघायचे. आपल्याकडची सावध माणसे आजही हेच करतात, पण त्यांना थांबायला आखलेली जागा नसते. तिथे रिक्षा, हातगाडी किंवा डावीकडून येणाऱ्या वाहनांची वाट असते. दोन मीटरची रंगवलेली चौकट आणि त्या कोपऱ्यात वाहने लावण्यास बंदी एवढ्याने हा टप्पा सुरक्षित होतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने याच्याही पुढे जाऊन काही चौकांत सायकलींना चारही बाजूंनी एकाच वेळी हिरवा दिला. त्या काही सेकंदांत सगळ्या मोटारी थांबलेल्या असतात आणि सायकली कोणत्याही दिशेने, तिरक्याही, चौक ओलांडतात. शाळा सुटण्याच्या वेळी ज्या चौकात सायकलींची गर्दी होते, तिथे ही कल्पना आपल्याकडेही करून पाहण्यासारखी आहे.

वाट पाहण्याचा काळही हिशेबात धरायला हवा. फेरी १२० सेकंदांची असेल आणि उपरस्त्याला त्यातले ३० सेकंद हिरवे मिळत असतील, तर तिथे येणाऱ्याला सरासरी ३४ सेकंद थांबावे लागते. फेरी ८० सेकंदांची करून त्याच प्रमाणात २० सेकंद हिरवे दिले तर ही सरासरी २२-२३ सेकंदांवर येते. बंद मोटारीत बसलेल्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. मे महिन्याच्या उन्हात किंवा जुलैच्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्याला तो जाणवतो. फार वेळ थांबवलेला माणूस लाल दिवा असतानाच फट शोधू लागतो. एकापाठोपाठ एक सिग्नल असलेल्या रस्त्यावर हे दिवे कोणत्या वेगाने जुळवले आहेत, यालाही तितकेच महत्त्व आहे. ताशी ४० किलोमीटरसाठी जुळवलेले दिवे मोटारीला सलग हिरवे मिळतात आणि सायकलला प्रत्येक चौकात लाल. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे नोरेब्रोगाड या रस्त्यावर दिवे ताशी २० किलोमीटरला जुळवले आहेत. सकाळी शहराकडे येणाऱ्यांसाठी आणि दुपारनंतर बाहेर जाणाऱ्यांसाठी. त्या वेगाने निघालेल्या सायकलला न थांबता जाता येते. दर वेळी थांबून पुन्हा वेग घेण्यात सायकलवाल्याच्या स्वतःच्या अंगातले बळ खर्च होते, म्हणून हा लाभ मोठा आहे.

मोठ्या शहरांत आता गर्दी ओळखून वेळ बदलणारे सिग्नल येत आहेत. पुण्यात स्मार्ट सिटीच्या योजनेतून शंभराहून अधिक चौकांत अशी यंत्रणा बसवली गेली. ठरावीक वेळेवर चालणारा जुना सिग्नल निदान कोणाला वगळत नव्हता. पाळी आली की हिरवा लागायचाच. ओळखणाऱ्या यंत्रणेला मात्र सायकल ओळखायला शिकवावे लागते, नाहीतर रिकाम्या रस्त्यावर एकटी उभी असलेली सायकल तिच्या लेखी तिथे नसतेच. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारेचे वेटोळे पुरून वाहन ओळखण्याची पद्धत जुनी आहे. त्या तारेच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की सिग्नलला कळते. सायकलमध्ये धातू कमी, पण चाकाची रिम नेमकी तारेवर आली आणि यंत्राची संवेदनशीलता नीट ठेवली तर तीही ओळखली जाते. म्हणून अनेक देशांत सायकलने कुठे उभे राहायचे याची खूण रस्त्यावर रंगवलेली असते. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कायदाच केला की नव्याने बसवल्या जाणाऱ्या अशा यंत्रणेला सायकली आणि मोटारसायकली ओळखता आल्याच पाहिजेत. आपल्याकडच्या निविदांमध्ये ही एक ओळ घालायला वेगळा खर्च येत नाही. यंत्रणा बसल्यावर ती दुरुस्त करणे मात्र महागात पडते.

पुण्याच्या अनुभवातून एक धडा स्पष्टपणे घ्यायला हवा. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधी बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या, रस्त्यांलगत सायकलमार्गही बांधले गेले. मार्ग बांधणे आवश्यकच होते. पण दोन चौकांच्या मधला सायकलमार्ग कितीही चांगला असला तरी तो चौकाच्या तोंडाशी संपला, तर सायकलवाला नेमका सर्वांत धोक्याच्या जागी उघडा पडतो. जिथे वाहनांच्या वाटा एकमेकांना छेदतात, तिथेच संरक्षण लागते. पैसा मार्गावर गेला आणि चौक तसाच राहिला, तर मार्ग ओस पडतात, आणि मग ते ओस पडलेले मार्ग दाखवून सायकल कोणी चालवतच नाही असे म्हटले जाते.

हाच पहिला आक्षेप. सायकली उरल्याच किती? २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. ही संख्या अडीच कोटींच्या वर जाते. शाळेत जाणारी मुले यात धरलेलीच नाहीत. आपलेच राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते. एका खात्याने सायकल द्यायची आणि दुसऱ्या खात्याने त्या सायकलला चौक ओलांडायला वेळ ठेवायचा नाही, हे धोरण म्हणून टिकत नाही. शिवाय जे आज सायकल चालवताना दिसत नाहीत, त्यांतल्या अनेकांनी ती भीतीने सोडली आहे किंवा आईवडिलांनी मुलांना चालवू दिलेली नाही. नदीत उतरलेल्यांची संख्या मोजून पूल लागतो की नाही हे ठरवत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक रागाने घेतला जातो: सायकलवाले सिग्नल पाळतच नाहीत, मग त्यांच्यासाठी हे कशाला? सिग्नल तोडणे चूकच आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९८२ पासून आणि पॅरिसमध्ये २०१२ पासून काही अटींवर सायकलला लाल दिव्यातून पुढे जाण्याची मुभा आहे, पण आपल्या चौकांतली वाहनांची गती, कोपऱ्यांवरची अतिक्रमणे आणि पादचाऱ्यांची अवस्था पाहता अशी मुभा इथे आज देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण नियम पाळा असे ज्याला सांगायचे, त्याला नियम पाळून सुखरूप पलीकडे जाता आले पाहिजे. वर पाहिलेल्या उदाहरणातला सायकलस्वार नियम पाळूनही मधोमध अडकतो. अशा चौकात शिस्तीचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार यंत्रणेने आधी कमवावा लागतो.

तिसरा आक्षेप वाहतूक अभियंत्यांचा आहे आणि तो खरोखर वजनदार आहे. चौक रिकामा करायला जास्त सेकंद ठेवले तर तेवढा वेळ कोणीच वापरत नाही. शिवाय मागे पिवळा आणि चौफेर लाल जास्त आहे हे कळले की मोटारवाले तोही वेळ घुसण्यासाठी वापरतात. यावर उत्तर असे की हे सेकंद सगळीकडे वाटायचेच नाहीत. अरुंद रस्ता ओलांडणाऱ्या सायकलला ते लागत नाहीत. रुंद रस्ता ओलांडणाऱ्या दोन बाजूंनाच तीन-तीन सेकंद दिले, तर १२० सेकंदांच्या फेरीत जास्तीत जास्त सहा सेकंद जातात, म्हणजे पाच टक्के. समोरासमोरच्या बाजू एकदम सुटत असतील तर अडीच टक्केच. रेषा योग्य जागी आणून आणि दुभाजकात थांबण्याइतकी मोकळी जागा ठेवून ओलांडायचे अंतर कमी केले, तर तेही कमी होतात. आणि या जास्तीच्या सेकंदांत घुसणाऱ्यांसाठी पोलिसांची कारवाई हवी. त्यांच्या घाईची किंमत सायकलवाल्याने मोजावी असा न्याय नाही. २०२२ या एका वर्षात देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. पाच टक्के वेळ या तराजूत ठेवून पाहावा.

राहिला प्रश्न लहान शहरांचा. जयसिंगपूरला हे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी उलट विचार करून पाहावा. पुण्यात शेकडो चौक, अनेक यंत्रणा आणि कोट्यवधींच्या निविदा आहेत. इथे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या चौकांकडे नीट पाहिले तरी शहराचा प्रश्न बराचसा सुटतो. शिवाय वेळ नेमकी आताची आहे. शिरोळ तालुक्यातून जाणारा रत्नागिरी–नागपूर महामार्गाचा चोकाक ते अंकली टप्पा जमिनीच्या मोबदल्याच्या वादामुळे रेंगाळला. रस्ता रुंद होतो तेव्हा ओलांडायचे अंतर वाढते, वाहनांचा वेग वाढतो आणि दोन्ही बाजूंची गावे एकमेकांपासून लांब जातात. मोबदल्याचा न्याय शेतकऱ्यांना मिळायलाच हवा; त्याबरोबरच चौकांचे नकाशे तयार होताना सायकलसाठी रेषा, चौकट, दुभाजकातली जागा आणि सिग्नलचे सेकंद त्यात आहेत का, हेही विचारले गेले पाहिजे. एकदा डांबर पडले आणि खांब उभे राहिले की मग वर्षानुवर्षे बदल होत नाही.

केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात वाहनांऐवजी माणसांना रस्त्याचा वाटा द्यावा असे म्हटले आहे. त्याची परीक्षा चौकात होते, आणि ती कोणालाही घेता येते. आपल्या जवळच्या सिग्नलवर घड्याळ घेऊन उभे राहा. पिवळा लागल्यापासून आडव्या बाजूचा हिरवा लागेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा, रस्त्याची रुंदी पावलांनी मोजून मीटरमध्ये काढा आणि तिला चाराने, म्हणजे सायकल सेकंदाला जेवढे मीटर जाते त्याने, भागा. भागाकार मोजलेल्या सेकंदांपेक्षा मोठा आला, तर तो चौक सायकलसाठी नक्कीच असुरक्षित आहे. हे दोन आकडे एका अर्जात लिहून नगरपरिषदेला, सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या, आणि शाळांच्या पालक सभांनीही द्या. सिग्नलच्या पेटीतली वेळ बदलायला खोदकाम लागत नाही, भूसंपादन लागत नाही; निर्णय लागतो, आणि तो मागितल्याशिवाय होत नाही.